सिस्टर आणि बारा पस्तीसचा मुहूर्त

आमच्या घरमालकीणबाईंनी आमंत्रण आलेलं एकही लग्न चुकवलं नाही, आणि एक लग्न सोडलं तर एकही लग्न लागताना पाहिलं नाही. कारण साधं होतं. त्या पत्रिकेवर छापलेल्या वेळेला जायच्या.

शिरूर-दौंडकडच्या माणसाला यापुढं काही सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगते. आमच्याकडं पत्रिकेवर बारा वाजून पस्तीस मिनिटं छापलेलं असलं, की बारा पस्तीसला मांडवात मंडपवाला असतो आणि माईकवर 'हॅलो, हॅलो' चाललेलं असतं. नवरदेव घोड्यावर बसून मारुतीच्या पाया पडायला गेलेला असतो, त्याच्या पुढं बेंजो वाजत असतो, आणि कुणीतरी साहेब 'पाच मिनिटांत पोचतायत' असतात. अक्षता पडायला दोन वाजतात, अडीच वाजतात. यात कुणी कुणाला फसवत नसतं. सगळ्यांना सगळं ठाऊक असतं, म्हणून सगळे सव्वा-दीडला घरून निघतात.

एकदा तळेगाव ढमढेऱ्याला मी त्यांच्याबरोबर गेले होते. मुहूर्त बारा वीसचा. बारा वीस झाले, तशा त्या मनगटावरचं घड्याळ बघून उठल्या, ताटातल्या मूठभर अक्षता घेतल्या आणि स्टेजपुढं जाऊन उभ्या राहिल्या. स्टेजवर एकटा मंडपवाला सोफ्याला कापड घालत होता. बाईंनी नेम धरून त्याच्या अंगावर अक्षता टाकल्या.

"आवो बाई, नवरदेव यायचाय अजून," तो डोकं झाडत म्हणाला.

"ती त्याची गोष्ट. तुझं झालंय का लग्न?"

"न्हाई."

"मग ऱ्हाऊ दे डोक्यावर. वाया कशाला घालवायच्या."

मग त्या मागं आचाऱ्याकडं गेल्या, कागदावर एक बुंदीचा लाडू घेऊन उभ्या उभ्या खाल्ला, नवरीच्या आईच्या हातात खण ठेवला आणि पावणेएकच्या जीपनं आम्ही परत शिरूरच्या वाटेला. मी उपाशी. लोक त्यांना नावं ठेवायचे, हे त्यांना माहीत होतं. "नावं ठेवायला येळ हाय ना त्यांच्याकडं, मग ठेवू दे की," एवढंच म्हणायच्या.

त्यांना सगळे सिस्टर म्हणायचे. एकतीस वर्षं सरकारी नर्स होत्या. इनामगाव, वडगाव रासाई, अशी नदीकाठची गावं धरून आडबाजूला नोकरी झालेली. निम्म्या तालुक्याची नाळ त्यांच्या हातानं कापलेली. रिटायर झाल्या, शिरूरला घर बांधलं, आणि पुढच्या दोन खोल्या भाड्यानं दिल्या, त्या आम्हाला मिळाल्या. मी जवळच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण, आणि आमचे हे रांजणगावच्या एका कंपनीत शिफ्टला. नव्वदचं दशक संपत आलेलं. मोबाईल अजून आमच्या गल्लीत शिरायचा होता.

पहिल्याच आठवड्यात मी त्यांच्या दारावर थाप मारली. नळाचं काहीतरी होतं. दार उघडलं नाही. आतून आवाज आला, "रक्त जातंय का?"

मी घाबरून म्हटलं, "नाही."

"बाळ अडलंय?"

"नाही हो."

"मग साडेचारला या."

दाराशी येणाऱ्या प्रत्येकाला हेच दोन प्रश्न. सरपंच असो, विमा एजंट असो, नाहीतर सख्खा दीर असो. एकदा दिरानं वैतागून सांगितलं, "व्हय, जातंय रक्त." तर त्या कापूस आणि टिंक्चर घेऊन बाहेर आल्या, त्याचं बोट, कोपर, गुडघा सगळं तपासलं, आणि काही सापडलं नाही म्हटल्यावर धनुर्वाताचं इंजेक्शन देऊन पाठवून दिलं. पुढं तो साडेचारलाच यायला लागला.

पण हे नखरे नव्हते हं. शेजारच्यांची सून एके सकाळी खरंच अडली. निरोप आला तेव्हा सिस्टरांच्या तव्यावर भाकरी होती. ती तशीच टाकून बाई अनवाणी पळाल्या. भाकरीचा कोळसा झाला, तवा मी उतरवला. दुपारी परत आल्या त्या हसतच आणि म्हणाल्या, "मुलगी झाली. आता मी दोन तास निजणार. राष्ट्रपती आला तरी उठवू नको." मला तेव्हा कळलं, की ही बाई वेळेला कंजूष नव्हती. कुणाला द्यायचा ते तिचं ठरलेलं होतं.

सकाळी सहाला त्या त्रिशरण म्हणायच्या, मग चहा, मग बॉलपेन घेऊन डाव्या तळहातावर तीन कामं लिहायच्या. तीनच. चौथं मावत नाही म्हणायच्या. मी एकदा शहाणपणा करून त्यांना छान वही आणून दिली. वही बघून त्या म्हणाल्या, "वहीत लई मावतं गं, म्हणून तर लोकं मरतात. आन् ड्युटीवर वही सापडायची न्हाई. हात कुठं हरवत न्हाई." तिन्ही कामं झाली, की त्या साबणानं हात धुवायच्या. मग दुपारचे दोन का वाजलेले असेनात, त्यांचा दिवस संपलेला असायचा. उरलेला वेळ त्या ओट्यावर बसून शेंगा खात रस्ता बघायच्या. निवांत बसलेली बाई बघून गल्लीतल्या बायकांचा जीव वर-खाली व्हायचा.

फोन होता त्यांच्याकडं. गल्लीत एकच. तो त्यांनी एका मोठ्या पिठाच्या डब्यात चादरीत गुंडाळून ठेवला होता, वर झाकण. संध्याकाळी पाच ते सहा झाकण उघडं. एरवी आत तो घुरघुरला, तरी बाई ढुंकून बघायच्या नाहीत. "पैसे मी भरते. मग बोलवणार तो, आन् पळणार मी, हे कुठलं?" असा त्यांचा सवाल होता.

आता माझं सांगते. मला नाही म्हणता यायचं नाही. त्यात देवानं अक्षर दिलं मोत्यासारखं. शाळेचे दाखले, हेडमास्तरांचे अहवाल, ग्रामपंचायतीची नोटीस, हळदीकुंकवाच्या चिठ्ठ्या, कुणाच्या बदलीचा अर्ज, सगळं माझ्याकडं. "बाई, तुमचं अक्षर चांगलंय, पाच मिनिटांचं काम," असं म्हटलं, की मी आपली पेन काढायची. आणि ह्या पाच-पाच मिनिटांत माझं बी.ए. बुडालं होतं.

बारावीनंतर डी.एड. करून मी लगेच नोकरीला लागले, कारण पाठची भावंडं होती. पण मला बी.ए. व्हायचं होतं. पुढं हायस्कूलला जायला ते लागायचं हे खरं, पण नुसतं तेवढंच नव्हतं. मला ते हवं होतं, बस. मुक्त विद्यापीठात नाव घातलं, पहिलं वर्ष झालं, आणि दुसऱ्या वर्षाचा एक इतिहासाचा पेपर दोनदा राहिला. एकदा चुलतसासऱ्यांचं दहावं आलं, एकदा हेडमास्तरांचं इन्स्पेक्शन. दोन्ही वेळा मी जमवून घेतलं, म्हणजे परीक्षेला गेले नाही. आता तिसरी आणि शेवटची संधी होती. हीही गेली, तर पुन्हा पहिल्यापासून सगळं.

सिस्टरांनी आधी उपाय सांगितला होता, "अक्षर जरा वाईट काढ की. दोन चुका कर मुद्दाम. तिसऱ्यांदा कोण येतंय?" मी तसं केलंही. नोटिशीत दोन चुका घातल्या. हेडमास्तरांनी त्या शोधून काढल्या आणि मला नोटीस पुन्हा लिहायला लावली, वर म्हणाले, "बाई, तब्येत बरी नाही का?" मला इतकी लाज वाटली, की मी शेजारच्या वर्गाचं हजेरीपत्रकही लिहून दिलं.

तर परीक्षेचं वेळापत्रक आलं. पेपर रविवारी, दुपारी दोनला, दौंडच्या कॉलेजात. आणि त्याच रविवारी, दौंडलाच, माझ्या धाकट्या नणंदेचं लग्न. मुहूर्त बारा पस्तीस.

मी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "बघ, जमवून घे. आईला तू सांग." म्हणजे संपलंच. मी काही सासूबाईंना सांगितलं नाही. दोनदा दौंडला सासरी गेले, दोनदा तोंड उघडलं आणि पापड किती लाटायचे ते विचारून परत आले.

शेवटी एका साडेचारला सिस्टरांच्या ओट्यावर बसून रडले. त्या शेंगा फोडत होत्या.

"लग्न कितीला?"

"बारा पस्तीसला."

"पेपर?"

"दोनला."

"कॉलेज किती लांब हाय कार्यालयापासनं?"

"चालत पंधरा मिनिटं."

"मग रडतीस कशाला?"

"सिस्टर, बारा पस्तीसला कुठं लागतं हो लग्न?"

"का? पत्रिकेवर खोटं छापलंय?" असं म्हणून त्यांनी पत्रिका मागून घेतली. नवरदेवाचं नाव, गाव वाचलं, आणि हसल्या. नवरदेव वडगाव रासाईचा. "हा व्हय. पायाळू. ह्यानं मला पहाटेपासनं दुपारपर्यंत उभं केलं होतं. त्याचं आमंत्रण मला हायच. बघते."

जाता जाता एक सांगून टाकते. पुढं दहा-बारा वर्षांनी सिस्टर गेल्या, तेव्हा त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाची वेळ दहाची छापली होती. अख्खं शिरूर पावणेदहाला येऊन बसलं होतं. न जाणो, बाई बघत असल्या तर काय घ्या.

लग्नाच्या दिवशी सिस्टर बाराच्या ठोक्याला कार्यालयात हजर. मी पळत जाऊन त्यांचा तळहात बघितला. लिहिलं होतं: एक, लग्न लावणे. दोन, साबण. तीन, झोप. मला हसावं का घाबरावं कळेना.

नवरदेव अजून देवळाकडंच होता. माईकवरचा माणूस सांगत होता, "साहेब पाटसपर्यंत पोचलेले आहेत, पाहुण्यांनी आसनं सोडू नयेत." आसनांवर कुणी नव्हतंच. निम्मे पाहुणे पानाच्या टपरीवर होते. सिस्टर छत्री घेऊन सरळ देवळाकडं चालायला लागल्या. मीही मागं गेले.

रस्त्याच्या मधोमध नाच चाललेला. सिस्टर त्या नाचातून आरपार गेल्या आणि घोड्याचा लगाम धरला. बेंजोवाला गोंधळून थांबला. त्यांनी नवरदेवाचं मनगट धरलं, घड्याळात बघितलं आणि नाडी मोजायला लागल्या.

"सकाळपासनं काय खाल्लंस?"

"च्या," नवरदेव म्हणाला.

"एकशेवीस पडतायत ठोके. उपाशी पोराला कोट घालून उन्हात घोड्यावर बसवलाय. पडला तर अक्षता कुणाच्या डोक्यावर टाकणार?" त्या वळल्या. "विहीणबाई कुठाय? ये इकडं."

नवरदेवाची आई पुढं आली. त्या बाईचं बाळंतपण सिस्टरांनीच केलेलं. ज्या नर्सनं आपल्याला तसल्या अवस्थेत ओरडताना ऐकलंय, तिच्यापुढं कुणाचा आवाज चढत नाही. ती म्हणाली, "सिस्टर, तुम्ही म्हणाल तसं."

"मग उतरवा त्याला. लग्न लावा आन् जेवायला घाला."

नाडी धरलेली तशीच धरून बाईंनी नवरदेव पायी कार्यालयात आणला. मागून घोडा रिकामाच आला.

पुढची पंधरा मिनिटं म्हणजे नुसती पळापळ. भटजींनी पिशवीसुद्धा उघडली नव्हती. आंतरपाट सापडेना, तेव्हा त्यांचंच उपरणं धरलं. नवरीचा मामा, ज्यानं तिला हात धरून आणायचं, तो कटिंगच्या दुकानात होता. त्याला खुर्चीवरून उठवून आणला. त्याच्या एका गालाची दाढी झालेली आणि दुसऱ्या गालाला फेस. अल्बममध्ये तो प्रत्येक फोटोत एकाच बाजूनं उभा आहे. आणि बारा पस्तीसला, माझ्या डोळ्यांनी बघितलं, अक्षता पडल्या. सिस्टरांनी आयुष्यात पहिल्यांदा लागतं लग्न बघितलं. "बरं असतंय की," त्या म्हणाल्या.

साहेब सव्वाला आले. माझे सासरे माफी मागायला हात जोडूनच पुढं धावले. पण साहेबांनी जोडप्याला आशीर्वाद दिले, घड्याळ बघितलं आणि सासऱ्यांचा हात दाबून हळूच म्हणाले, "लई बरं केलं पाटील. अजून तीन लग्नं हायेत मला." म्हणजे ज्याच्यासाठी इतकी वर्षं सगळे थांबत होते, त्यालाही थांबलेलं नकोच होतं.

सव्वा वाजून गेला होता. मी पिशवी उचलली. पिशवीत पेन, पट्टी, हॉलतिकीट. आणि सासूबाईंनी हाक मारली.

"सूनबाई, पेटी उघड. मानाच्या साड्या काढ."

मानाच्या साड्या म्हणजे व्याह्यांकडच्या बायकांना नेसवायच्या साड्या. सव्वीस होत्या. कुठली आत्या, कुठली मावशी, कुणाला काठाची, कुणाला साधी, हे चार महिने चर्चा करून ठरलेलं, आणि प्रत्येक साडीला माझ्या मोत्यासारख्या अक्षरातली चिठ्ठी लावलेली. सासूबाईंना वाचता येत नव्हतं. एक साडी इकडची तिकडं झाली, की नणंदेला तिच्या सासरी वीस वर्षं ऐकून घ्यावं लागणार. हे काम दोन तासांचं.

मी पळत सिस्टरांकडं गेले. त्या पंगतीत बसून बुंदी खात होत्या. मी म्हटलं, "सिस्टर, तुम्ही सांगा ना आईंना. तुमचं ऐकतील."

त्यांनी डावा हात पुढं केला. पहिल्या कामावर रेघ मारलेली. "माझं झालं. साबण आन् झोप ऱ्हायलीय."

"अहो, पण तुम्ही एवढं लग्न लावलंत..."

"लग्न लावणं सोपं हाय." त्यांनी बुंदी संपवली. "मास्तरीण, हजारभर बाळंतपणं केली मी. पाणी गरम करते, हात धरते, शिव्या खाते. पण जोर बाईनंच लावायचा असतो. तो काय मला लावता येत न्हाई."

मला त्या क्षणी त्यांचा फार राग आला. एवढं लांब आणलं, आणि आता ऐन वेळेला हात काढून घेतला. तशीच वळले आणि पेटीपाशी गेले.

"आई, मी चाललेय."

"कुठं?"

"माझा पेपर आहे दोनला. बी.ए.चा."

"आज?" सासूबाई बघतच राहिल्या. "आन् साड्या?"

"चिठ्ठ्या लावलेल्या आहेत."

"मला वाचता येतं का?"

"नाही," मी म्हटलं. "कुणाकडून तरी वाचून घ्या. मला थांबता येणार नाही."

एवढंच. त्याला चार सेकंदंसुद्धा लागली नसतील. ते वाक्य मी लग्न झाल्यापासून सहा वर्षं पोटात घेऊन फिरत होते.

शालू नेसलेली, हातभर चुडा, डोक्यात गजरा, अशी मी दौंडच्या रस्त्यानं धावले. वर्गात मान खाली घालून लिहायला लागले, तर केसांतल्या अक्षता टपटप उत्तरपत्रिकेवर पडल्या. पर्यवेक्षकांनी विचारलं, "आत्ताच लग्न झालं का?" मी म्हटलं, "हो, नणंदेचं." पेपर बरा गेला. एक्कावन्न मार्क पडले. पण मी पास झाले.

साड्यांचं व्हायचं तेच झालं. ह्या गडबडीत सासूबाई कुणाकडून वाचून घेणार? बाहेरच्यांपुढं वाचता येत नाही म्हणायची लाज. त्यांनी अंदाजानं वाटल्या. विहीणबाईंच्या वाट्याला साधी साडी आली, आणि त्यांच्यासाठी घेतलेली भारीतली पैठणी सिस्टरांना गेली. सिस्टर ती नेसून ओट्यावर शेंगा खात बसायच्या. नणंदेनं वर्षभर टोमणे ऐकले, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. तिनं मला माफ केलंय असं ती म्हणते.

सासूबाई माझ्याशी बोलायच्या बंद झाल्या. एक महिना, दोन महिने, आठ महिने. निरोप ह्यांच्यामार्फत. खोटं कशाला बोलू, त्या आठ महिन्यांत पापड नाही, चिठ्ठ्या नाहीत, पाहुणे नाहीत. तिसऱ्या वर्षाची सगळी पुस्तकं मी त्या अबोल्यातच वाचून काढली.

मग एके दिवशी त्या शिरूरला आल्या. एकट्या. आत आल्या, पाणी प्यायल्या, पिशवीतून एक नवीकोरी पाटी काढली आणि माझ्यापुढं ठेवली.

"मला अक्षरं शिकव," त्या भिंतीकडं बघत म्हणाल्या. "पुढच्या लग्नाला तुझ्यावाचून अडायला नको."

पाया पडावंसं वाटलं. पण परीक्षा तीन आठवड्यांवर होती, आणि मी आता ती पूर्वीची राहिले नव्हते.

"शिकवीन की आई," मी म्हटलं. "पण सात ते आठ. त्याच्या आधी माझा अभ्यास असतो."

मला वाटलं, झालं, आता पुन्हा आठ महिने. सासूबाईंनी वर भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि मग पहिल्यांदाच माझ्याकडं बघून हळूच विचारलं, "सात म्हंजी कुठं असतात गं काटे?"